सूत

तार्तूच्या त्या तळघरात कामाला लागले त्या दिवशी
माइमूने मला आधी सुरी दाखवली नाही,
सूक्ष्मदर्शकही नाही.
फ्यूम हूडच्या काचेला, खालच्या कडेशी,
तिने लाल लोकरीचा एक धागा चिकटवला होता,
बोटभर लांब.
"हा आत ओढला जातोय ना, तोवर पेटी जिवंत.
हिरव्या दिव्याला काय कळतंय."

मग बाकीचं, एका दमात:
हातमोजे दोन, एकावर एक; वरचा वीस मिनिटांनी टाकायचा,
चांगला दिसला तरी.
काच कोपराच्या वर न्यायची नाही.
हात आत. डोकं बाहेर. पुन्हा सांगते, डोकं बाहेर.
झाकणाचा अर्धा आटा फिरवायचा, थांबायचं,
शंभर मोजायचे.
एकटीने उघडायचं नाही. कधीच.
"आणि स्वयंपाकघरातली खोड इथे आणू नकोस, पिरेत.
दूध नासलंय का ते नाकाने बघतात.
हे नाही."

एकतीस नंबरची बरणी कोह्त्ला-यार्वेहून आली.
पुरुष, वय सत्तेचाळीस,
तेलाची टाकी धुवायला आत उतरला होता.
फुफ्फुसाचे चार तुकडे.
सोबतच्या कागदावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं:
अजून वाफ सोडतंय, जपून.
जाऊन चार दिवस झाले होते त्याला
आणि शेवटचा श्वास अजून पुरता सुटला नव्हता.
तो आता आम्ही सोडवायचा,
आमच्या अंगावर येऊ न देता.

बाहेर उणे तेवीस.
मी अर्धा आटा फिरवला. मोजायला लागले.
छत्तिसाला माइमूचा हात माझ्या मनगटावर पडला.

धागा सरळ खाली लोंबत होता.

दिवा हिरवा. पंख्याची घरघर रोजची.
वास म्हणाल तर काही नाही,
नंतर कळलं, फार झाला की हा वायू
आधी नाकालाच मारतो.

जाणाऱ्या माणसाच्या नाकाशी सूत धरतात.
हललं तर आहे, नाही तर गेला.
इथे पेटीच्या नाकाशी धरलेलं सूत थांबलं होतं
आणि निघायची वेळ आमच्यावर आली होती.
झाकण. काच खाली. दार.
धावायचं नाही, हेही तिनेच शिकवलेलं.

वर छपरावर धुराड्याच्या तोंडात बर्फाचं बूच बसलं होतं.
आर्वो हातोडीने ते फोडत राहिला, दोन तास,
खाली आम्हाला नुसते ठोके ऐकू यायचे.
माइमूने थर्मासचं झाकण काढलं,
सवयीने अर्धा आटा फिरवून थांबली,
मग स्वतःशीच हसली.

"त्र्याऐंशी साली अशीच एक बरणी होती.
मी वाकले. फक्त वाकले.
तेव्हापासून लायलॅक फुलला की डोळ्यांनी कळतो.
कसा असतो गं?"

मी म्हटलं, गोड. म्हणजे, नुसता गोड नाही.
बराच वेळ काही सुचेना.
थोडा साबणासारखा, म्हटलं शेवटी.
तिने मान हलवली, समजूतदारपणे,
आणि माझ्या उशिरा लक्षात आलं
की साबणही तिला आठवत नसणार.

दोन वाजता धागा आत ओढला गेला,
किंचित थरथरत.
नवे हातमोजे. अर्धा आटा.
या वेळी मी मोठ्याने मोजलं
आणि तिने धाग्यावरची नजर काढली नाही.
शंभर झाले. बरणी उघडली.
चार तुकडे, करडे, लहान,
तळहातावर मावतील एवढे.

नोंदवहीत लिहिलं: नमुना एकतीस. उशीर. कारण: बर्फ.
त्या टाकीच्या तोंडाशी काय बांधलं होतं,
कोण बघत उभं होतं,
हे विचारणारा रकाना शोधला मी.
पान उलटून मागेही पाहिलं.